मिलर, रूबेन जोनाथन

तुरुंगातून सुटलेल्यांच्या पुढच्या आयुष्याचा वेध घेणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व समाजकार्याचे अभ्यासक. शिकागोच्या दक्षिण भागात आजीने त्यांना वाढवले. वडील आणि भाऊ यांनी तुरुंगवास भोगला. पुढे शिकागोतील कुक काउंटी तुरुंगात ते स्वयंसेवी धर्मसेवक म्हणून कैद्यांना भेटत असत. लोयोला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी मिशिगन व नंतर शिकागो विद्यापीठात समाजकार्याचे अध्यापन केले. २०२२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

‘हाफवे होम’ (२०२१) हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. त्यामागे सुमारे १५ वर्षांचे संशोधन आहे. अमेरिकेत गुन्ह्याची नोंद असलेल्यांच्या नोकरीवर, निवाऱ्यावर, मतदानावर बंधने आणणारे ४० हजारांहून अधिक कायदे व नियम आहेत. सुटून आलेल्याला साधा आसरा देणेही त्यामुळे घरच्यांना जड जाते. सरकारी घरातील भाडेकरूच्या कुटुंबीयाने किंवा पाहुण्याने अमली पदार्थांचा गुन्हा केला, तर भाडेकरूला त्याची कल्पना नसली तरी त्याला घराबाहेर काढता येते; २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे उचलून धरले. अशा स्थितीत नातवाला दार उघडताना आजीला स्वतःच्या छपराचा विचार करावा लागतो. मग नोकरी असो वा खोली, हक्काने काहीच मिळत नाही. कोणाची तरी मेहेरबानी लागते आणि ती कधीही आटू शकते. या दुय्यम दर्जाच्या नागरिकत्वाची मांडणी मिलर यांनी फॉरेस्ट स्टुअर्ट यांच्यासह २०१७ मध्ये केली होती.

पुनर्वसनाच्या कार्यक्रमांवरील त्यांची टीका समाजकार्याला आतून हलवणारी आहे. राग कसा आवरावा, मुलाखत कशी द्यावी हे तिथे शिकवले जाते; पण शिकून बाहेर पडलेल्याला कामावर घेणारा मालक मिळत नाही. दोष मात्र त्याच्याच स्वभावाला चिकटतो. जखम भरून यायची तर केवळ माणसाने बदलून भागणार नाही, त्याला सामावून घेणारी जागा समाजाला आणि कायद्याला करावी लागेल, असा मिलर यांचा आग्रह आहे.

संशोधन चालू असताना त्यांचा स्वतःचा भाऊ मिशिगनमध्ये तुरुंगात होता. अभ्यासकाने विषयापासून अंतर राखावे हा संकेत त्यामुळे त्यांनी मानला नाही. जवळीक हीच त्यांनी अभ्यासाची पद्धत केली. कैद्याच्या घरच्यांचा खर्च, त्यांची वाट पाहणे आणि त्यांचा थकवा ‘हाफवे होम’मध्ये इतक्या बारकाईने येतो, तो याच जवळिकीमुळे.