कायद्याची संख्या आणि लहान कारखाना

चिपळूण तालुक्यांतील अलोरे हें कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचें गांव. अशा गांवांतील चार-सहा माणसांच्या लहानशा कारखान्याला सुरक्षिततेचा कायदा कितपत लागूं पडतो, याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. १८७५ मध्यें मुंबईंत गिरण्यांच्या चौकशीसाठीं आयोग बसला. १८८१ च्या पहिल्या कायद्यानें धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कठडा आवश्यक ठरविला; पण तो यंत्रशक्तीच्या व किमान १०० कामगारांच्या कारखान्यांपुरताच. ही संख्या १८९१ मध्यें ५०, १९२२ मध्यें २० आणि १९४८ मध्यें १० झाली. २०२० च्या संहितेंत कारखान्याच्या व्याख्येंत ती पुन्हां २० वर गेली. यंत्राचा फिरता पट्टा मात्र माणसें मोजीत नाहीं. म्हणून पट्ट्यावर जाळी बसविणें, यंत्र थांबवूनच तें पुसणें, हें लहान मालकाचें स्वतःचेंच कर्तव्य उरतें.