कृष्णवर्णाचे अर्थ : वैमानिकापुढील हवामानसंकेतांच्या प्रमाणीकरणाचा इतिहास

उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा हवामानवार्तांच्या जागतिक कोशात 'व्हीएएनएम' या चार अक्षरांना प्रत्यक्ष अर्थ प्राप्त झाला. सांताक्रूझच्या विमानतळाची अक्षरे 'व्हीएबीबी' ही आहेत. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे २४ किलोमीटर. एवढ्याकरिता निराळी वार्ता कशास हवी, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असलेल्या कुलाबा व सांताक्रूझ या दोन वेधशाळांनी २६ जुलै २००५ च्या पर्जन्याची नोंद अनुक्रमे ७३ व ९४४ मिलिमीटर अशी केली होती. स्थल आणि काल यांचा निर्देश झाल्यावाचून हवामानवार्तेस अर्थच नसतो, हे यावरून ध्यानी येते.

स्थलकालांचा निर्देश करणे तुलनेने सोपे. खरी अडचण निराळीच आहे : 'धोका नाही' आणि 'धोका आहे की नाही हे ठाऊक नाही' या दोन विधानांचा भेद चिन्हांनी कसा दाखवावा? विमाने येण्यापूर्वीच बंदरांनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. मोरा, करंजा येथील कोळी ज्यास 'तीन नंबरचा बावटा' म्हणतात, तो वस्तुतः बावटा नव्हेच; दिवसा शंकू व दंडगोल आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे अशी ती योजना आहे. शब्द मात्र जुना टिकला. या मालिकेतील पहिले दहा संकेत वादळाचे अंतर व तीव्रता सांगतात. अकरावा संकेत, हवामान केंद्राशी संपर्क तुटला असून स्थानिक अधिकाऱ्यास हवा बिघडण्याची भीती वाटते, असे सांगतो. अज्ञानालाही स्वतंत्र चिन्ह देणारी ही योजना चिन्हशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत प्रौढ मानावी लागेल.

वैमानिकास असे साहाय्य फार उशिरा लाभले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल घेऊन उतरले, त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. समोर दिसेल तेच हवामान. पावसाळ्यात तर जुहूचे मैदानच पाण्याखाली जाई व टपालसेवेचे ठाणे पुण्यास हलवावे लागे. पुढे डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या करारावर भारताचीही स्वाक्षरी झाली, त्या कराराचे हवामानविषयक तिसरे परिशिष्ट १९४८ मध्ये संमत झाले आणि १९६८ च्या आरंभापासून 'मेटार' ही संकेतवार्ता व्यवहारात आली. या वार्तेत हवा निर्धोक असल्यास 'कॅव्होके' असे लिहितात, आणि स्वयंचलित यंत्रास एखादी गोष्ट मोजता आली नाही तर तिच्या जागी तिरप्या रेघा येतात. बंदरावरील अकराव्या संकेताशी या रेघांचे नाते उघड आहे.

रडारच्या पडद्यावर मात्र हा विवेक प्रारंभी राहिला नाही. जुन्या एकरंगी पडद्यावर पाऊस उजळ दिसे व कोरडी हवा काळी. पण अतितीव्र पर्जन्याचा गाभा ओळखता यावा म्हणून परावर्तन विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की तेवढा भाग मुद्दाम काळा करण्याची सोय यंत्रात असे. शिवाय सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. म्हणून त्या पावसाच्या पलीकडे जे असेल तेही काळेच दिसे. कोरडी हवा, घोर वृष्टी आणि अज्ञात प्रदेश या तिघांना एकच वर्ण! शब्दकोशात अनेकार्थी शब्द संदर्भाने उलगडतो. वादळाच्या तोंडाशी तेवढा अवकाश नसतो.

४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतील सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान जॉर्जिया राज्यात असेच मेघगर्जनेच्या वादळात शिरले. पडद्यावर दिसते ती फट आहे की नाही, याविषयी दोघा वैमानिकांचे झालेले संभाषण ध्वनिमुद्रित आहे. पाऊस व गारा यांनी दोन्ही इंजिने बंद पडली. विमानातील ६३ व भूमीवरील ९ माणसे मृत्यू पावली. कंपनीने ताजी हवामानमाहिती पुरविली नाही आणि कप्तानाने वादळातून वाट काढण्यासाठी स्वतःच्या रडारवर विसंबून राहिले, या दोहोंवर चौकशीत बोट ठेवण्यात आले. दोष केवळ माणसाचा होता असे म्हणणे अवघड आहे.

रंगीत पडद्यांनी या संदिग्धतेचा बराचसा परिहार केला. बहुतेक यंत्रांत क्षीण परावर्तनास हिरवा, मध्यमास पिवळा व तीव्रास तांबडा हा क्रम रूढ झाला. घोर वृष्टी आता काळी राहिली नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांतही हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा असे रंग आहेत. परंतु तेथील तांबडा रंग नागरिकांनी व प्रशासनाने कृती करावी असे सुचवितो, तर वैमानिकापुढील तांबडा रंग परावर्तनाचे केवळ मापन असतो. वर्ण समान, व्याकरण भिन्न.

रडारलहरींची क्षीणता मात्र रंगांनी नाहीशी होत नाही. म्हणून भूमीवरील अनेक रडारांची चित्रे एकत्र सांधून ती विमानात पाठविण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली, आणि रडारच्या आवाक्याबाहेरचा प्रदेश निराळ्या छटेने वा रेघांनी दाखविला जाऊ लागला. अज्ञानास पुन्हा चिन्ह मिळाले; पण कालाचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. जून २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना सूचना दिली, की पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा चित्र प्रत्यक्षात १५ ते २० मिनिटांनी अधिक जुने असू शकते. मेटारमधील सहा अंकी दिनवेळ निरीक्षणाची असते. या चित्रांच्या कोपऱ्यातील वेळ चित्र सांधल्याची होती, पाऊस पाहिल्याची नव्हे.