सुट्या भागांचा संगणक

घर बांधावयास निघालेला मध्यमवर्गीय गृहस्थ प्रथम वहीचे एक पान घेतो, मधोमध रेघ ओढतो, आणि डाव्या बाजूस लागणाऱ्या वस्तू व उजव्या बाजूस त्यांच्या किमती मांडतो. बेरीज पदरच्या रकमेबाहेर गेली की खोडाखोड सुरू होते. त्याची खरी परीक्षा या खोडाखोडीत असते. नक्षीदार दरवाजा राखून पाया उथळ घेणारा आणि पाया राखून साधा दरवाजा लावणारा, या दोघांचा खर्च कदाचित एकच येईल. परंतु दहा पावसाळ्यांनंतर ती दोन घरे सारखी राहत नाहीत.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात असेच एक पान खिशात घालून कितीतरी माणसे दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, बंगळूरच्या एस. पी. रोडवर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडत असत. नामांकित कंपनीचा तयार संगणक घेण्याची त्यांची ऐपत नसे. प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, रॅम व हार्ड डिस्क तिसरीकडून, असे करीत भाग गोळा होत, आणि बाजारच्या भाषेत ज्यास ‘असेंबल्ड’ म्हणतात तो संगणक रिक्षातून घरी येई. हा सारा स्वस्ताईचा इतिहास आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. भाग स्वस्त झाले हे खरे. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या भागास जोडता येईल असा सांधा सर्वांसाठी खुला झाला. तो कसा खुला झाला आणि त्यापासून आपणांस काय लाभले, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

आरंभ १९७५ सालापासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे यंत्र झळकले. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की या गावी एड रॉबर्ट्स यांच्या लहानशा कंपनीने ते सुट्या भागांच्या रूपाने, चारशे डॉलरांच्या आत, विकावयास काढले होते. त्यातील इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरची फुटकळ विक्रीची किंमतच ३६० डॉलर होती! रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदी करून तो ७५ डॉलरांना मिळविला, म्हणून हा हिशेब जमला. यंत्राची स्मृती अवघी २५६ बाइटांची होती. मात्र आत नवी पट्टी बसविण्यासाठी शंभर टोकांचे सांधे होते. इतर लहान कंपन्यांनी त्या सांध्यात बसतील अशा पट्ट्या बनविल्या, आणि एका यंत्राभोवती एक बाजार उभा राहिला.

दुसरे उदाहरण स्टीव्ह वॉझ्निअॅक यांचे. त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा प्रथम मोटोरोलाचा ६८०० हा प्रोसेसर गृहीत धरून केला होता. आरंभी त्याच्या एका नगास १७५ डॉलर पडत. १९७५ च्या सप्टेंबरात मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांस विकावयास काढला. वॉझ्निअॅक यांनी तो घेतला व आराखडा त्यास जुळवून घेतला. १९७६ मध्ये विक्रीस आलेला ‘अॅपल-१’ हा त्याचा परिणाम होय. तोही केवळ एका पट्टीच्या रूपाने मिळे. पेटी, कळफलक व पडदा ज्याचा त्याने पैदा करावयाचा असे. परवडणाऱ्या भागासाठी बुद्धी खर्च करावयाची, हा या मंडळींचा मार्ग होता.

तथापि खरा पालट घडविला तो एका बलाढ्य कंपनीने, आणि तोही बव्हंशी न कळत. आयबीएमची रीत सर्व काही आपल्या घरी बनविण्याची. परंतु १९८० मध्ये फ्लॉरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील लहान गटास सुमारे एका वर्षात छोटा संगणक तयार करावयाचा होता. एवढ्या मुदतीत सर्व भाग घरी बनविणे अशक्य होते. म्हणून त्यांनी बाजारातील भाग निवडले. प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह भारतात जन्मलेल्या जुगी टंडन यांच्या कंपनीचा, छपाईयंत्र एप्सनचे. प्रोसेसर निवडतानाही अधिक समर्थ असा ८०८६ न घेता त्याचा धाकटा भाऊ ८०८८ घेतला. कारण तो बाहेरच्या जगाशी आठ-आठ बिटांनी बोले, आणि आठ बिटांचे साहाय्यक भाग स्वस्त व मुबलक होते. घड्याळाच्या स्पंदनासाठी जो स्फटिक वापरला तो अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीच्या वारंवारतेशी जुळणारा, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. त्यास तिनांनी भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ मिळत. प्रोसेसर पाचापर्यंत धावू शकत होता. परंतु एकाच स्फटिकात दोन कामे भागली. पाच मेगाहर्ट्झच्या यंत्रात पाव पावलाहूनही कमी वेग सोडून एका भागाचा खर्च वाचविणे, ही काटकसर कोणाही संसारी माणसास समजण्यासारखी आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी हा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर झाला. सर्वांत साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर, स्मृती १६ किलोबाइट, आणि फ्लॉपी ड्राइव्ह एकही नाही. परंतु मदरबोर्डावर पाच मोकळे स्लॉट होते, आणि कंपनीने यंत्राचे विद्युत-आराखडे छापून विकावयास ठेवले. कोणीही ते वाचावे आणि त्या स्लॉटात बसेल असे काहीही बनवावे. केवळ ‘बायॉस’ नावाची, यंत्र जागे करणारी आज्ञावली तेवढी कायद्याने संरक्षित होती. ह्यूस्टन येथील कॉम्पॅक या नव्या कंपनीने मूळ आज्ञावलीची नक्कल न करता तिचे कार्य करील अशी स्वतंत्र आज्ञावली लिहविली आणि १९८३ मध्ये आपले यंत्र बाजारात आणले. १९८४ पासून फीनिक्स ही कंपनी अशी बायॉस कोणासही विकू लागली. शेवटचे कुलूपही निघाले. १९८७ मध्ये आयबीएमने नवा, परवान्याने जखडलेला सांधा आणून दार लोटून पाहिले. पण पुढच्याच वर्षी नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन आपला निराळा सांधा पुढे केला. १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ या प्रमाणाने मदरबोर्डाचा आकार, त्याच्या स्क्रूंची भोके आणि वीजपुरवठ्याची जोडणी हीदेखील निश्चित झाली. नेहरू प्लेसमधील अशिक्षित म्हणविणारा पोरगा केवळ एका पेचकशाने संगणक उभा करू शके, त्याचे मर्म येथे आहे.

आपल्या देशाचा अनुभव याच्याशी ताडून पाहावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. तोही सुट्या भागांतूनच उभा केलेला संगणक. पण त्याचा प्रत्येक सांधा आपल्या शास्त्रज्ञांना स्वतः योजावा लागला. ते काम थोर होते, परंतु ते एका संस्थेचे होते. गृहस्थाच्या आवाक्यातले नव्हते. १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीची बंधने सैल झाली; १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय कराराने जकाती टप्प्याटप्प्याने उतरू लागल्या. तेव्हा कोठे वहीच्या पानावरील बेरीज मिळू लागली.

आणि येथे आपल्या भाषेचाही संबंध येतो. या यंत्रास मुळात देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले, त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले, आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने त्याचे कार्ड तयार केले. ते पीसीच्या मोकळ्या स्लॉटात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. यासाठी अमेरिकेतील कोणाची अनुमती मागावी लागली नाही. स्लॉट मोकळा होता, एवढे पुरे झाले. सांधा बंद असता तर आपली लिपी कोणा परक्या कंपनीच्या सवडीची वाट पाहत दाराशी उभी राहिली असती.

आता काटकसरीविषयी. खुला सांधा निवडीचे स्वातंत्र्य देतो, शहाणपण देत नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने ‘सेलेरॉन’ हा स्वस्त प्रोसेसर काढला, तो दुय्यम कॅश-स्मृती अजिबात वगळून. तो इतका मंद ठरला की ऑगस्टमध्ये १२८ किलोबाइट कॅश परत घालून नवा काढावा लागला. तो नवा मात्र दामाच्या मानाने उत्तम निघाला. नाव एकच, किंमत जवळची, आणि अंतर केवढे! पुढे २००० च्या आगेमागे कित्येक मदरबोर्डांवरील सदोष कपॅसिटर फुगून फुटू लागले. वरून नव्या दिसणाऱ्या पट्ट्या दोन-तीन वर्षांत निकामी झाल्या. दूरच्या आपत्तीही वहीच्या पानावर उतरत. १९९३ मध्ये जपानातील निइहामा येथे राळेच्या कारखान्यात स्फोट झाला, १९९९ मध्ये तैवानात भूकंप झाला, आणि दोन्ही वेळा रॅमचे भाव भडकले. २०११ मध्ये थायलंडात पूर आला आणि हार्ड डिस्क महागली.

प्रस्तुत लेखकाने या शास्त्रातील पहिला धडा स्वतःच्या चुकीने घेतला. दिल्लीत आमच्या छोट्या मराठी ग्रंथालयाच्या सूचीसाठी संगणक जोडावयाचा होता. रक्कम वर्गणीची, म्हणून प्रत्येक रुपया मोजून. मी वेगवान प्रोसेसर राखला आणि वीजपुरवठ्याच्या एसएमपीएसवर तीन-चारशे रुपये वाचविले. पेटीबरोबर जो आला तो घेतला. त्यावर ‘३०० वॉट’ असे ठसठशीत छापले होते. एका उन्हाळ्याच्या दुपारी, वीज जाऊन येता येता, तो जळाला व जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. सहा महिने दोन वृद्ध सभासदांनी एकेक ग्रंथ हाती घेऊन केलेली सूची त्यात होती. दोघांनीही मला शब्दाने दुखविले नाही. एकाने फक्त हस्तलिखित नोंदवही काढली आणि पहिल्या ग्रंथापासून पुन्हा सांगावयास आरंभ केला. सूचीच्या कामाला त्या वेगवान प्रोसेसरची गरज कधीच नव्हती, हे मला त्या वेळी उमगले. मी दरवाजा राखला होता आणि पाया उथळ घेतला होता.

आज बहुतेकांच्या हाती जी यंत्रे आहेत, त्यांचे भाग एकमेकांस डाख देऊन पक्के केलेले असतात. ती हलकी आहेत, सुबक आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु रॅम वाढवावयाची तर नवे यंत्र घ्यावे लागते, आणि आत काय आहे हे जाणण्याची गरज न उरल्याने जाणण्याची इच्छाही मंदावते. मेजावरचा, स्क्रू काढून उघडता येणारा संगणक अद्याप मिळतो, त्याचे सुटे भागही मिळतात. ज्याच्या घरी कॉलेजात जाणारे मूल असेल त्याने एकदा तरी त्याच्या हाती वहीचे ते पान द्यावे, रक्कम बेताचीच द्यावी, आणि खोडाखोड त्यालाच करू द्यावी. वीजपुरवठ्याच्या ओळीवर मात्र आपण जरा लक्ष ठेवावे.