बापाची बंदूक, मुलाची नळी

फायरिंग रेंज सुटून वर्षे झाली, तरी माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजतेच. म्हणून आज सायलेन्सरची गोष्ट.

1884 मध्ये मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम तिच्याच आवाजाने पुढे बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी, मोटारींच्या धंद्यातला इंजिनिअर. त्याने 1909 मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. गोळीमागचा तापलेला वायू नळीत अडवायचा, फिरवायचा आणि हळूहळू सोडायचा, एवढीच युक्ती.

ही युक्ती सर्वांत शोभते ती पॉइंट टू-टू रायफलला. एनसीसीत तुमच्यापैकी अनेकांनी ती चालवली असेल. तिची संथ गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते, त्यामुळे हवेत कडाका होत नाही. पण गोळी बहुधा उघड्या शिशाची. शिसे आणि काजळी नळीत साचत जाते. बॅरल आम्ही पुलथ्रूला चिंधी लावून साफ करायचो. बंद नळीच्या कप्प्यांत चिंधी पोचणार कशी? म्हणून कप्पे सुटे होतात तीच नळी खरी टिकाऊ.

आणि स्वस्त? नळी होती काही डॉलरची. 1934 मध्ये टोळीयुद्धांना घाबरलेल्या अमेरिकेने तिच्यावर 200 डॉलर कर बसवला. मशीनगनवरही तेवढाच! बापाचे कान घेणारी बंदूक आणि कान वाचवणारी मुलाची नळी, कायद्याने एकाच तागडीत तोलली. नळी महागली, कानांची किंमत कोणी धरलीच नाही.

जय हिंद.