गोंगाटाची बखर

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला एक खोड जडते. जुना कागद, मग तो कितीहि मळका, वाळवीनें खाल्लेला आणि अशुद्ध मोडींत खरडलेला असो, हातीं आला कीं त्याचे डोळे चमकतात. लिहिणारानें ऱ्हस्व-दीर्घ पाळले नाहींत म्हणून तो कागद कोणी फेकून देत नाहीं; उलट त्या अशुद्धांतच माणसाचा आवाज ऐकूं येतो, असें मी विद्यार्थ्यांना तीस वर्षें सांगत आलों. परंतु हाच न्याय कानांना लावण्याची पाळी आली तेव्हां मीं तो लावला नाहीं, आणि ही चूक उमगावयास वयाचें अडुसष्टावें वर्ष उजाडावें लागलें. ती कशी उमगली हें सांगतांना थोडा घरचा वृत्तांत द्यावा लागेल. वाचकांनीं त्याबद्दल क्षमा करावी.

१९९५ सालच्या पावसाळ्यांत आमच्या मुलानें कोठून तरी एक नक्कल केलेली कॅसेट पैदा केली. त्या वेळीं तो सोळा वर्षांचा होता. आमच्या घरांत किराना घराण्याचीं ध्वनिमुद्रणें ऐकण्याचा परिपाठ; त्या घरांत एके दुपारीं जें कांहीं वाजूं लागलें त्यावरून मला प्रथम वाटलें कीं यंत्रच बिघडलें. गिटारींचा करकराट, ड्रमची घाई, आणि त्यावर एक मुलगी तारस्वरांत जणूं कोणाशीं भांडत होती. 'बंद कर हा गोंगाट. ज्यांना गातां येत नाहीं ते असे ओरडतात,' असें मी म्हणालों. मुलानें वाद घातला नाहीं. त्यानें कॅसेट काढून घेतली, आणि त्यानंतर आपल्याला काय आवडतें हें त्यानें मला कधीं सांगितलें नाहीं. संगीताविषयींच नव्हे, एकंदरीनेंच. पुढें तो शिकला, इंग्लंडांत गेला, तेथेंच स्थायिक झाला. गेल्या वर्षीं माळा आवरतांना त्याच्या शाळेच्या पुस्तकांच्या खोक्यांत ती कॅसेट सांपडली. आंतल्या कागदावर त्याच्या अक्षरांत कांहीं नांवें होतीं: क्लॅश, बझकॉक्स, एक्स-रे स्पेक्स. कागद सांपडल्यावर इतिहासाच्या शिक्षकाला तो वाचल्यावांचून राहवत नाहीं.

या संगीताला 'पंक' म्हणतात. शब्द जुना आहे आणि त्याची चाल चांगली नाहीं. शेक्सपिअरच्या नाटकांत तो वेश्येला उद्देशून येतो; पुढें अमेरिकेंत मवाली, कुचकामाचा पोरगा असे अर्थ त्याला चिकटले. १९७६ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या कांहीं तरुणांनीं आपल्या मासिकाला हेंच नांव दिलें. दुसऱ्यानें दिलेली शिवी आपणच टिळ्यासारखी कपाळीं लावावयाची, हा प्रकार इतिहासाला नवा नाहीं. त्या शहराच्या बॉवरी नांवाच्या पडक्या वस्तींत १९७३ च्या अखेरीस एक मद्यगृह उघडलें होतें. सीबीजीबी हीं त्याची आद्याक्षरें तीन प्रकारच्या अमेरिकन लोकसंगीताचीं. पण ज्या संगीताचा त्या पाटीवर उल्लेखहि नव्हता त्यानेंच तें प्रसिद्धीस आलें. तेथें वाजविणाऱ्या रामोन्स मंडळींत चौघेहि परस्परांचे कोणी नव्हते, तरी चौघांनीं एकच आडनांव लावलें होतें. १९७६ सालीं निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत चौदा गाणीं आहेत आणि सर्व मिळून अर्धा तासहि भरत नाहीं. आमच्याकडे विलंबित ख्याल स्थिरावतो न स्थिरावतो तोंच यांच्या चौदाहि गाण्यांचा निकाल लागलेला असतो!

ही घाई समजावयाची तर आधींचा संथपणा समजला पाहिजे. १९७० नंतर इंग्लंड-अमेरिकेंतलें रॉक संगीत धनवान झालें होतें. एकेक गाणें वीस मिनिटें चालावें, गिटारवाल्यानें आपलें कसब दाखवीत राहावें, श्रोत्यानें दूरच्या खुर्चींत बसून थक्क व्हावें, असा तो मामला होता. बाहेर मात्र इंग्लंडची स्थिति निराळी होती. १९७५ सालीं महागाई वर्षभरांत जवळजवळ एक चतुर्थांशानें वाढली. पुढल्या वर्षीं बेकारांचा आंकडा दहा लक्षांच्या वर होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एके काळच्या साम्राज्याच्या राजधानीला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें कर्जासाठीं हात पसरावा लागला. सोळाव्या वर्षीं शाळा सोडून बेकारीच्या रांगेंत उभ्या राहणाऱ्या मुलाला त्या वीस मिनिटांच्या कसबाचें काय होय?

सेक्स पिस्टल्स या मंडळीनें लंडनच्या एका कलाशाळेंत ६ नोव्हेंबर १९७५ रोजीं पहिला कार्यक्रम केला. तिचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन हा किंग्ज रोडवरील एका कपड्यांच्या दुकानाचा चालक; त्यामुळें हा सारा दुकानदाराचा बनाव होता असें म्हणणारे आजहि आहेत. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग शिव्या, बंदी आणि वर्तमानपत्री आरडाओरड यांवर उभा होता. १९७७ सालीं राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवांत त्यांनीं राणीवरच गाणें काढलें, बीबीसीनें तें वाजविण्याचें नाकारलें, आणि तरीहि तें विक्रीच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर गेलें. त्या महिन्यांत आम्ही येथें आणीबाणी उठल्याच्या आनंदांत होतों. लंडनच्या पोरांची हकीकत आमच्यापर्यंत आली ती गालांत टोंचलेल्या सेफ्टी पिनांच्या एका छायाचित्रापुरती, आणि तें पाहून आम्ही हंसलों.

परंतु दुकानदाराच्या बनावानें जें सुरू झालें तें दुकानदाराच्या हातीं राहिलें नाहीं, आणि माझ्या मतें खरा इतिहास येथूनच सुरू होतो. ४ जून १९७६ रोजीं दोन विद्यार्थ्यांनीं पिस्टल्स मंडळीला मँचेस्टरला बोलाविलें. एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावरील लहान दालनांत हा कार्यक्रम झाला. श्रोते चाळीसच्या आसपास. बेचाळीसच्या चळवळींत भूमिगत असल्याचें सांगणारांची संख्या आमच्याकडे जशी वर्षागणिक वाढत गेली, तशीच त्या रात्रीं आपण तेथें होतों असें सांगणारांची संख्या मँचेस्टरांतहि वाढत गेली आहे. तें असो. ज्यांनीं बोलाविलें होतें त्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांची बझकॉक्स मंडळी त्याच सुमारास उभी राहिली. त्यांनीं घरच्यांकडून व मित्रांकडून पांचशें पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर रोजीं चार गाणीं मुद्रित केलीं आणि जानेवारी १९७७ मध्यें एक हजार प्रती स्वतःच काढल्या. त्या पाहतां पाहतां संपल्या. पुढें एकूण खप सोळा हजारांवर गेला. कंपनी नाहीं, परीक्षक नाहीं, शिफारस नाहीं. दुसऱ्या एका मंडळीनें पुढल्या वर्षीं आपल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर स्टुडिओपासून छपाईपर्यंत सारा खर्च आंकड्यांनिशीं छापला. हेतु हा कीं वाचणाऱ्यानेंहि हिशेब करावा आणि स्वतःची काढावी.

मासिकांचेंहि तेंच. मार्क पेरी या बँकेंतल्या कारकुनानें १९७६ च्या जुलैंत टंकलेखन यंत्रावर कांहीं पानें बडवून, त्यांच्या छायाप्रती काढून एक पत्र सुरू केलें, आणि थोड्याच दिवसांत बँकेला रामराम ठोकला. पंकच्या प्रत्येक इतिहासांत एका चित्राचा उल्लेख येतो. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांची जुडी. अशा तीन जुड्यांसाठीं बोटें कोठें ठेवावींत हें त्या चित्रांत रेखाटलेलें आहे, आणि खालीं सांगितलें आहे कीं आतां मंडळी काढा. हें चित्र पेरीच्या पत्रांत आल्याचें पुष्कळदां लिहितात. वस्तुतः तें 'साइडबर्न्स' नांवाच्या दुसऱ्याच एका पत्रांतलें. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्यामुळें ही दुरुस्ती येथें केल्यावांचून राहवलें नाहीं.

या चित्रापाशीं मी बराच काळ अडलों. आमचा सारा संस्कार असा कीं आधीं शीक, मग तोंड उघड. गुरूपुढें दहा वर्षें षड्ज लावल्याखेरीज बैठकीला बसूं नये. हा संस्कार मला आजहि खोटा वाटत नाहीं, आणि त्या तीन कॉर्डांतून भीमसेनांचा तोडी निघेल असें कोणी म्हणत नाहीं. पण जिच्याजवळ दहा वर्षें नाहींत, गुरु नाहीं, आणि सांगावयाचें मात्र आजच आहे, तिनें काय करावें? आमच्या आजोबांच्या पिढींतल्या पांढरपेशा घरांत तमाशाचा ढोलकीचा आवाज आला कीं खिडक्या लावून घेत. त्याच घरांतलीं नातवंडें पुढें लावणीवर प्रबंध लिहूं लागलीं. खिडकी लावणाराला लावणी ऐकूं आलीच नव्हती असें नाहीं. ती ऐकावयाची नाहीं, असें त्यानें ठरविलें होतें.

आतां त्या भांडणाऱ्या मुलीकडे वळतों. तिचें नांव मॅरिअन इलियट. गातांना तिनें पॉली स्टायरीन असें नांव घेतलें. पॉलिस्टायरीन हें प्लॅस्टिक. स्वस्त, चकचकीत, वापरून फेकावयाचें. आई ब्रिटिश, वडील सोमाली. जन्म ३ जुलै १९५७ चा; मीहि त्याच वर्षाचा. एकोणिसाव्या वाढदिवशीं हेस्टिंग्ज गांवच्या धक्क्यावर तिनें पिस्टल्सना ऐकलें आणि मंडळी काढावयाचें ठरविलें. एकोणिसाव्या वर्षीं मी परीक्षेसाठीं सनावळी पाठ करीत होतों! दांतांवर तारेची कमान, अंगावर भडक रंगाचे कपडे, साथीला सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीचा सॅक्सोफोन. १९९५ सालीं मला जें ओरडणें वाटलें तें आतां शब्द समजून ऐकलें. विषय काय, तर बाजार: दुकानांतल्या फळ्या, जाहिराती, जंतुरहित स्वच्छतेचें वेड, आणि स्वतःलाच एक विकाऊ वस्तु समजूं लागलेली मुलगी. हें १९७८ सालचें. गोड गळ्यानें हीं गाणीं म्हटलीं असतीं तर तींहि जाहिरातच झालीं असतीं. तो कर्कशपणा अजाणतेचा नव्हे, तो निवडलेला आहे. आणि सूर म्हणाल तर, पुनःपुन्हां ऐकल्यावर सांगतों, तो बहुतेक जागीं बरोबर लागला आहे. चुकला होता तो माझा कान.

सर्वच पोरें अशीं शहाणीं नव्हतीं. केवळ वडीलधाऱ्यांना झोंबावें म्हणून कित्येकांनीं बाहीवर नाझी स्वस्तिक मिरविलें, आणि या मूर्खपणाचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. कारण तो काळ खेळाचा नव्हता. जून १९७६ मध्यें लंडनच्या साउथॉल भागांत गुरदीपसिंग चग्गर या तरुण विद्यार्थ्याचा गोऱ्या टोळक्यानें खून केला. दोनच महिन्यांनीं एरिक क्लॅप्टन या ख्यातनाम गिटारवादकानें बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून परदेशी लोकांना हांकलून द्या अशा अर्थाचें भाषण केलें. त्याच्या संतापांतून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम', म्हणजे वर्णद्वेषाविरुद्ध रॉक, ही चळवळ निघाली, आणि ३० एप्रिल १९७८ रोजीं ट्रॅफल्गार चौकांतून निघालेली तिची मिरवणूक पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया उद्यानांत पोंचली. कमींत कमी अंदाज धरला तरी ऐंशीं हजार माणसें होतीं. तेथें गोऱ्या पोरांची क्लॅश मंडळी वाजली, वेस्ट इंडीजहून आलेल्यांच्या मुलांची स्टील पल्स वाजली, आणि आमच्या कॅसेटमधली पॉली स्टायरीनहि गायली. गाण्यानें खून थांबत नाहींत. तेथून चारच दिवसांनीं, ४ मे रोजीं, त्याच पूर्व लंडनांत अल्ताब अली हा बंगाली शिलाई-कामगार घरीं जातांना भोंसकला गेला. पण ज्या रस्त्यांवर आपल्या माणसांना सायंकाळीं एकट्यानें चालवत नव्हतें, त्याच शहरांत एक दिवस ऐंशीं हजार लोक त्यांच्या बाजूनें चालले, आणि त्यांच्या पुढें जें वाजत होतें त्याला मीं माझ्या घरांत गोंगाट म्हटलें होतें. माझा मुलगा आज त्याच शहरांत राहतो आणि सायंकाळीं एकटा घरीं जातो.

१९७९ सालीं लंडनांत 'एलियन कल्चर' ही मंडळी निघाली. चौघांपैकीं तिघे पाकिस्तानी कुटुंबांतले. आदल्या वर्षीं मार्गारेट थॅचरबाईंनीं परक्या संस्कृतीच्या लोकांनीं देश बुडून जाण्याची भीति दूरचित्रवाणीवर बोलून दाखविली होती. ती परकी संस्कृति म्हणजे आम्हीच, असें या पोरांनीं नांवांतच सांगून टाकलें. त्यांची एकच मुद्रिका निघाली. तींत भांडण बाहेरच्या गोऱ्यांशीं आहे, तसेंच घरांतल्या वडिलांशींहि आहे. ती ऐकतांना मी उठून खिडकीशीं गेलों, असें सौभाग्यवती सांगतात.

'हें सारें तरुणांचें; म्हाताऱ्यानें त्यांत कशाला पडावें?' असें एका स्नेह्यांनीं विचारलें. त्यांना मीं व्हाय सबव्हर्सा या टोपणनांवानें गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. जन्म १९३५ चा. पॉयझन गर्ल्स ही मंडळी निघाली तेव्हां ती चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई होती. मुलगा आणि मुलगी दोघेंहि स्वतः पंक मंडळींत वाजवीत. पोरांनीं रंगविलेल्या केसांच्या गर्दीपुढें उभी राहून ती आईपणाबद्दल, थकव्याबद्दल, युद्धाबद्दल जाड्याभरड्या आवाजांत गात असे, आणि पोरें ऐकत. तिच्या घरांत 'बंद कर हा गोंगाट' असें कोणी कोणाला म्हटलें असेल, याची कल्पना मला करवत नाहीं.

मुलाला मीं दूरध्वनि केला आणि त्या दिवशीं नेमकें कोणतें गाणें लागलें होतें तें विचारलें. तो क्षणभर थांबला. मग त्यानें नांव सांगितलें. तीस वर्षांपूर्वींची दुपार त्यालाहि आठवत होती. 'बाबा, ती कॅसेट अजून वाजते?' त्यानें विचारलें. पहिली बाजू वाजते, दुसऱ्या बाजूची फीत मध्येंच गुंतली आहे, असें मी म्हणालों. ती कापूं नका, भोंकांत पेन्सिल घालून हळूहळू उलटी फिरवा, असें तो म्हणाला, आणि फीत पुरती गुंडाळली जाईपर्यंत दूरध्वनीवर थांबला.