मंगळवारचं पाकीट

२७. मंगळवारचं पाकीट : मंगळवारी अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा पूरक पोषण आहार. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्क ठरला. गर्भारपणी व बाळंतपणानंतर सहा महिने आईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, बाळाला सहाव्या महिन्यापासून ५०० कॅलरी असे प्रमाण २०१३च्या कायद्यात ठरले होते. तीन वर्षांपर्यंत खिचडी, हलवा यांचे तयार मिश्रण घरी मिळते; पुढे सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीतच गरम जेवण. मात्र घरी नेलेल्या पाकिटाला चार तोंडे फुटतात, आणि जिच्यासाठी ते असते तीच शेवटी जेवते.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर (२०२३पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात) हा मराठी बोलणारा मुलूख, पण सरकारी कागद हिंदीत. महाराष्ट्रात वरुड-नरखेडला दिलेल्या लेकी बाळंतपणाला इकडे माहेरी येतात. अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या नोंदणी ॲपवर त्यांची नोंद एका राज्यातून दुसऱ्यात हलवता येते. हे प्रत्येक घरी मराठीतून सांगितले गेलेच पाहिजे. राज्याची सीमा ओलांडली म्हणून ओल्या बाळंतिणीचा घास चुकता कामा नये. — संपादक