गुडघाभर बर्फातही पाय रुतत नाही, तो कसा? जाणून घ्या ‘स्नोशू’बद्दल

चिखलावर फळी टाकली की तिच्यावरून न रुतता चालता येतं. भुसभुशीत बर्फात चालण्यासाठी वापरले जाणारे ‘स्नोशू’ही याच तत्त्वावर चालतात. बुटाच्या तळव्यापेक्षा स्नोशू कितीतरी पसरट असतो. वजन तेवढंच राहतं, पण मोठ्या जागेवर विभागलं जातं. त्यामुळे दाब कमी होतो. ताज्या बर्फात पाय थोडा दबतो, पण खोल जात नाही.

उत्तर अमेरिकेतल्या क्रीसारख्या आदिवासी समाजांसाठी ही हिवाळ्यातल्या शिकारीची आणि प्रवासाची गरज होती. लाकूड वाकवून चौकट करायची आणि त्यात चामड्याच्या वाद्यांची जाळी विणायची, ही त्यांची पद्धत. आजचे स्नोशू बहुतेक अॅल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. घसरू नये म्हणून खाली धातूचे दात असतात. बूट पुढच्या बाजूला पट्ट्यांनी बांधतात, टाच मात्र मोकळी राहते. चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकायचे. उलटं चालायचं नाही, कारण मागचं टोक बर्फात अडकून माणूस पडतो.

कॅनडातलं अल्गोंक्विन पार्क यासाठी प्रसिद्ध आहे. 1893 मध्ये स्थापन झालेलं हे जंगल टोरंटोच्या उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात तापमान उणे 20 अंशांखालीही जातं. डिसेंबरअखेरीस संध्याकाळी पाचच्या आधीच सूर्य मावळतो.

अशा जंगलात दोन धोके पटकन लक्षात येत नाहीत.

पहिला धोका घामाचा. चालताना अंग तापतं, कपडे ओले होतात आणि थांबलं की तोच ओलावा शरीरातली उष्णता वेगाने ओढून घेतो. सुती कपडे लवकर वाळत नाहीत. म्हणून आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर घालतात आणि घाम येण्याआधीच वरचं जाकीट काढतात.

दुसरा धोका झाडाखालचा. सूचिपर्णी झाडांच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे खोल बर्फात बुंध्याभोवती पोकळ खड्डा तयार होतो. त्यात डोकं खाली होऊन पडल्यास एकट्याला बाहेर येणं कठीण होतं. बर्फाने गुदमरून जीवही जाऊ शकतो. म्हणून खाली झुकलेल्या फांद्यांपासून लांब राहावं आणि सोबत्याला नजरेआड होऊ देऊ नये.

थंडीत मोबाईलची बॅटरीही लवकर उतरते. फोन आतल्या खिशात ठेवावा, पण वाटेसाठी कागदी नकाशा जवळ असू द्यावा. परतण्याची वेळ घरी सांगूनच निघावं.